पदाभोवतीची माणसे

आमच्या अमळनेरच्या नाट्यमंडळाचे स्नेहसंमेलन दर वर्षी डिसेंबरच्या अखेरच्या रविवारी भरते. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, अहवालवाचन आणि प्रमुख पाहुण्यांचे मनोगत हे सर्व रीतीप्रमाणे पार पडते, त्याविषयी अधिक लिहिण्याचे कारण नाही. आम्ही जुनी मंडळी वाट पाहतो ती त्यानंतरच्या ‘तालमीच्या गोष्टी’ची. ही प्रथा मंडळाची नाटके बसवणाऱ्या आमच्या सरांनी घालून दिली. शाळेतून ते निवृत्त झाले त्या वर्षी मंडळाने त्यांचा सत्कार ठरवला, तेव्हा शाल-श्रीफळ त्यांनी घेतले, पण गौरवाची भाषणे होऊ दिली नाहीत. आपल्या हाताखाली काम केलेल्या एकाने उठावे आणि फक्त एका तालमीची हकिकत सांगावी, एवढे त्यांनी मागितले. तेव्हापासून दर वर्षी कोणी ना कोणी उठतो, आणि दर वर्षी मला डोळे पुसावे लागतात.

सर मराठीचे शिक्षक. अध्यापनाच्या पदवीसाठी ते पुण्यात राहिले तो सत्तरच्या दशकातला काळ होता. डॉ. जब्बार पटेल यांनी १९७२ मध्ये रंगभूमीवर आणलेले ‘घाशीराम कोतवाल’ त्यांनी तेथे पाहिले आणि पुन्हा पुन्हा पाहिले. भास्कर चंदावरकरांच्या संगीताविषयी ते बोलत, पण त्याहून अधिक बोलत कृष्णदेव मुळगुंदांनी बसवलेल्या हालचालींविषयी. ब्राह्मणांची ती ओळ प्रेक्षकांकडे पाठ करून उभी राहते तेव्हा तिचा पडदा होतो, मग ती डोलते, फुटते, पुन्हा जुळते; आणि हे सर्व घडवायला रंगमंचावर माणसांवाचून दुसरे काही लागत नाही, हे पाहून आपण आयुष्यात काय करायचे ते आपल्याला कळले, असे सर आजही सांगतात. अमळनेरला परतल्यावर दिग्दर्शन आणि नृत्ये बसवणे अशी दोन्ही कामे त्यांच्या अंगावर पडली. दोन माणसे नेमण्याइतका पैसा मंडळाकडे नव्हता हे खरेच आहे, पण माझ्या मते ती मंडळाची मोठी सुदैवाची अडचण होती, कारण पद, म्हणजे नाटकातले गाणे, कोठे सुरू व्हावे आणि पाऊल कोठे पडावे याचा विचार त्यामुळे एकाच डोक्यात झाला.

अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले तेव्हापासून मराठी संगीत नाटकाचा जीव पदात आहे. नट समोर येऊन, एका जागी उभा राहून गातो आणि प्रेक्षक ‘वन्समोअर’ देतात. सरांना या गाण्याविषयी अपार आदर होता, परंतु गाणे चालू असताना मागच्या माणसांनी काय करायचे, हा प्रश्न त्यांना स्वस्थ बसू देत नसे. ती माणसे नुसती ताटकळत उभी राहिली, तर गायकाचे गाणेही अर्धे राहते, असे त्यांचे म्हणणे होते. म्हणून नव्या मुलाला ते आधी नाच शिकवत नसत. ‘पहिले चालाले शिक, मंग नाच,’ असे ते अहिराणीतून बजावत, आणि आठवडाभर आम्ही केरव्याच्या ठेक्यावर नुसते चालत असू. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, गाण्यांतला झोक्याचा हेलकावा, खानदेशची देवी कानबाई हिच्या विसर्जनाला फुगड्या घालणाऱ्या बायकांच्या टाचेचा ठोका, वहीगायन या आमच्याकडच्या लोकगायनात डफ वाजवणाऱ्याचे खांदे, हे सर्व आम्ही लहानपणापासून पाहिलेले होते. ते रंगमंचाच्या कामाचे आहे हे मात्र आम्हांला सरांनी दाखवले. सातपुड्यातील आदिवासींची होळी पाहायलाही ते आम्हांला घेऊन जात. तेथील नाच मात्र पोशाखासह उचलून रंगमंचावर आणायला त्यांनी कधीही परवानगी दिली नाही. तो त्या लोकांचा आहे, आपण तो पाहायचा आणि श्वास कोठे घ्यायचा तेवढे शिकून यायचे, असे ते सांगत.

‘तालमीच्या गोष्टीं’पैकी एक मला विसरता येत नाही. आमच्यातील एक ताई, ज्या आता स्वतः गाणे शिकवतात, त्यांनी ती सांगितली. त्या सोळा वर्षांच्या असताना सरांनी त्यांना नायिकेच्या कामासाठी निवडले, आणि मुलगी नाचणार म्हणून त्यांच्या वडिलांनी साफ नकार दिला. सर घरी गेले, वाद घातला नाही, चहा घेतला आणि विचारले, ‘ती नुसती उभी राहून गायली तर चालेल का?’ वडील हो म्हणाले. पुढच्या तालमीला सरांनी आधी बसवलेले सारे मोडले. ताईंना त्यांनी मध्यभागी उभे केले आणि बाकीच्या मुलामुलींच्या हालचाली त्यांच्याभोवती अशा रचल्या की त्या गाऊ लागल्या म्हणजे सारा रंगमंच त्यांच्या स्वरावर फिरू लागे आणि समेवर त्यांच्यापाशी येऊन थांबे. एक पाऊलही न टाकता त्या संपूर्ण नाचाच्या मुख्य झाल्या. प्रयोगाला वडील पहिल्या रांगेत होते. पुढच्या वर्षी त्यांनी आपण होऊनच विचारले की हिला पावले का देत नाही. हे सांगताना ताईंचा आवाज जड झाला, आणि सभागृहातले आम्ही सारे, जे त्या वेळी त्यांच्याभोवती फिरलो होतो, मान खाली घालून बसलो होतो.

बोरी नदीकाठच्या एका गावातील आमच्या एका शेतकरी मित्राची गोष्टही अशीच होती. त्याला कधी एक वाक्यही मिळाले नाही. मागच्या ओळीत डावीकडून दुसरा, ही त्याची जागा. ओळ वळते ती दुसऱ्या माणसाच्या टाचेवर, हे सरांनी त्याला कसे समजावले ते सांगताना तो मध्येच थांबला, चपला काढल्या आणि ती आठ पावले त्याने करून दाखवली. त्याहून चांगले भाषण मी आमच्या व्यासपीठावर ऐकलेले नाही.

बालगंधर्वांच्या मंडळीत तबल्यावर अहमदजान थिरकवा होते, हे सर प्रत्येक नव्या तुकडीला सांगत आणि साथीदारांची नावे आधी वाचायला लावत. येथे नावे छापू नयेत अशी अनेकांची इच्छा असल्याने मी कामेच लिहितो. पेटीवरचे काका, ज्यांनी सरांसाठी एकाच पदाच्या तीन पट्ट्या तयार ठेवल्या, तबल्यावरचे दादा आणि त्यांच्यानंतर त्यांचा भाचा, रंगभूषेचे अण्णा, नऊवारी नेसवणाऱ्या दोघी मावशी, पडदा ओढणारे मामा, विंगेत कंदील घेऊन बसणारा शाळेचा शिपाई, वीज गेली की आपल्या पिठाच्या गिरणीवरचे जनित्र आणून देणारे गृहस्थ, तालमीनंतर मुलींना घरापर्यंत पोहोचवणाऱ्या वहिनी, तिकिटे विकणारे पोस्टमन भाऊ, आणि उशिरापर्यंत चालणारा ठेका निमूटपणे सहन करणारे शेजारी. यांच्यापैकी कोणी टाळी घेतली नाही, पण सरांचे एकही नाटक यांच्यावाचून उभे राहिले नसते.

उपस्थितीविषयी मात्र मला लिहिलेच पाहिजे. २०२४ च्या फेब्रुवारीत येथे साहित्य संमेलन भरले, तेव्हा मुंबई-पुण्याहून आमचे कितीतरी जुने नट आले, भेटले, छायाचित्रे काढून गेले. त्याआधी जेमतेम महिनाभर झालेल्या आमच्या स्नेहसंमेलनात मागच्या रांगा रिकाम्या होत्या. पारोळा आणि चोपडा येथे राहणाऱ्यांनाही यायला जमले नाही. सरांनी ऐंशी ओलांडली आहे, तरी ते तिसऱ्या रांगेत शेवटपर्यंत बसतात आणि कोण आले नाही हे त्यांच्या लक्षात येते. ते बोलत नाहीत, म्हणून मी बोलतो.

यंदाची गोष्ट तबल्यावरच्या दादांचा भाचा सांगणार आहे, आणि त्यानंतर ताईंची मुलगी सरांनी बसवलेली ओळ नव्या मुलांकडून करून घेणार आहे. सर स्वतः तालमींना येऊन बसतात. जेवणाला नेहमीप्रमाणे बामणोदच्या वांग्यांचे भरीत आणि कळण्याची भाकरी आहे. वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजायची असल्याने माणसांचा अंदाज आधी लागतो, तेव्हा येणाऱ्यांनी पंधरवडाभर आधी कळवावे आणि कळवल्यावर यावे.