तळघरातून वर येताना

सॅन फ्रान्सिस्कोत सेव्हन्थ आणि मिशन या रस्त्यांच्या कोपऱ्यावर फेडरल अपील कोर्टाची जुनी इमारत आहे, ब्राउनिंग कोर्टहाउस. आमच्या धंद्यातली माणसं तिला खालूनच जास्त ओळखतात. जुन्या इमारती भूकंपाला तोंड देतील अशा करणं हे माझं काम. गिऱ्हाईक खर्च ऐकून बिचकलं की परवानगी काढून त्याला इथलं तळघर दाखवायला आणतो.

त्या दिवशी एका जुन्या सभागृहाची समिती होती. खाली उतरल्या उतरल्या खजिनदार बाई म्हणाल्या, "एवढा पैसा घातला, पण दिसतोय कुठे?"

दिसत नाही, त्याचेच तर पैसे. इमारत १९०५ची. १९०६च्या भूकंपात शेजारचा रस्ता खचला, ही टिकली. मागोमाग आग आली. तेव्हा इथेच टपाल कचेरीही होती, तिथल्या टपालवाल्यांनी ती ओल्या टपालपोत्यांनी झोडपून विझवली. १९८९च्या भूकंपानंतर मात्र तिला कुलूप लागलं. नेहमीचा उपाय म्हणजे आतून काँक्रीटच्या भिंती घालायच्या. पण मग इटालियन कारागिरांनी केलेलं संगमरवर आणि मोझेक फोडावं लागलं असतं. म्हणून अख्खी इमारतच जमिनीपासून सोडवली. एकेक कॉलम जॅकवर तोलायचा, कापायचा आणि मधे बेअरिंग बसवायचं. अशी २५६ बेअरिंग! १९९६ साली कोर्ट परत सुरू झालं.

बेअरिंग म्हणजे पोलादी खोलगट बशी आणि तिच्यात सरकणारा गुळगुळीत ठोकळा. जमीन हलली की इमारत बशीच्या कडेकडे किंचित चढते आणि आपल्याच वजनाने परत मधे येते. एका झोक्याला किती वेळ लागणार हे बशीच्या गोलाईवर ठरतं, वर किती वजन आहे त्यावर नाही. हे सांगताना मी अजूनही भान विसरतो. फक्त इमारतीला हलायला भोवती जागा मोकळी लागते. आमच्या दुसऱ्या एका साइटवर एसीवाल्याने त्याच फटीतून कडक पाइप आडवा टाकला होता. विचारलं तर म्हणाला, एकच तर आहे!

मग सगळ्यांना वर नेलं. न्यायदालनात मी सवयीने छताकडे बोट करून 'हे वाचवलं' म्हणणार, तोच सोबतचे म्हातारे गाइड बोलायला लागले. याच इमारतीत १९१७च्या नोव्हेंबरात गदरवाल्यांवर, म्हणजे अमेरिकेतून स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या भारतीयांवर, खटला उभा राहिला. अमेरिकेच्या भूमीवरून, जर्मनांच्या मदतीने, इंग्रजांविरुद्ध कट केल्याचा आरोप होता. एप्रिल १९१८मध्ये, कामकाज थोडा वेळ थांबलेलं असताना, आरोपी रामसिंगने सहआरोपी रामचंद्रवर भर कोर्टात गोळ्या झाडल्या. मार्शलने तिथेच रामसिंगला गोळी घातली. दोघंही गेले.

बाई माझ्याकडे वळल्या. "तुम्ही भारतातले, तुम्हाला माहीत असेलच."

मला गदर म्हणजे शाळेच्या पुस्तकातल्या दोन ओळी. बेअरिंग किती ते झोपेतही सांगेन. वरच्या मजल्यावर कोण मेलं ते इतक्या फेऱ्यांत कधी कानावर आलं नव्हतं. खरं तर मी विचारलंच नव्हतं. "थोडंफार," असं काहीतरी पुटपुटलो.

रात्री वाचत बसलो. गदरवाल्यांत विष्णू गणेश पिंगळे होते. अमेरिकेत शिकायला आलेले, परत गेले आणि १९१५मध्ये लाहोरला फासावर चढले. खटला उभा राहण्याच्या दोन वर्षं आधी. गाव तळेगाव ढमढेरे. आजोळी शिरूरला जाताना शिक्रापूरला एसटी थांबायची, तिथून त्या गावाचा फाटा फुटतो. फाट्यावरची भेळ मला अजून आठवते.

तीन आठवड्यांनी समितीचा मेल आला. त्यांनी काँक्रीटच्या भिंती घ्यायचं ठरवलंय, स्वस्त पडतात. म्हणजे त्यांच्या सभागृहाचं जुनं लाकूडकाम जाणार. त्या सभागृहात आजवर काय काय झालंय, असं मी उलट मेल करून विचारलं. अजून उत्तर नाही.