पैसे भरले तरी खातं बंदच? आधी हे वाचा

मामांचं कराडला हार्डवेअरचं दुकान आहे. एका सप्लायरशी बिलावरून वाद, कोर्टात हुकूमनामा (म्हणजे निकाल) विरोधात गेला, समोरच्याने वसुलीची दरखास्त (म्हणजे अर्ज) लावली आणि कोर्टाच्या आदेशावरून करंट खातं फ्रीज झालं, म्हणजे खात्यावर जप्ती आली. मामांनी व्याज, खर्च सगळं धरून त्याला आरटीजीएस केलं, सहीची पावती घेतली, वाटलं सुटलो एकदाचे. कसलं काय! मॅनेजर म्हणाले, "काका, पावती नको, कोर्टाचं पत्र आणा, ज्यांनी बंद करायला सांगितलं त्यांनीच उघडायला सांगितलं पाहिजे." राग आला खरा, पण त्यांचं बरोबर होतं.

दिवाणी प्रक्रिया संहितेत आदेश २१ नियम २ आहे, त्यात स्पष्ट म्हटलंय की कोर्टाबाहेर दिलेले पैसे कोर्टात नोंदवले गेले नाहीत तर दरखास्त चालवणारं कोर्ट ते धरतच नाही. म्हणजे पैसे खिशातून गेले आणि कागदावर देणं जसंच्या तसं! नोंद करायचं काम पैसे घेणाऱ्याचं, पण त्याला आता कसली घाई, त्याचा वकील फोनच उचलेना, आणि इकडे कामगारांचे पगार अडकलेले, दिलेले चेक परत येतायत, मामींना झोप नाही. अशा वेळी पैसे दिल्याची नोंद करा म्हणून आपल्याला स्वतः अर्ज करता येतो, मात्र त्याची मुदत पैसे दिल्यापासून ३० दिवसच आहे, म्हणून समोरच्याच्या भरवशावर बसू नका. आमच्या अर्जावर नोटीस निघाली तेव्हा कुठे त्याने रक्कम मिळाल्याची पुरशिस, म्हणजे कोर्टात लेखी कबुली, दिली.

त्यानंतर जप्ती उठवल्याचा आदेश आणि बँकेच्या नावाचं पत्र. ते हातात पडल्या पडल्या तिथेच उभं राहून दरखास्त नंबर, शाखा आणि खाते नंबर ताडून बघा. आमच्या पत्रात खाते नंबरचा एक आकडा गळला होता, दुरुस्त करायला परत कोर्टात. बँकेत पत्र दिलं की पोच घ्या, आणि फ्रीज निघाल्यावर रकमेवरचं लीनही (म्हणजे ती रक्कम अडवून ठेवण्याची बँकेतली खूण) निघालं का ते विचारा, आमच्याकडे ते तसंच राहिलं होतं.

ज्यांनी अजून पैसे भरलेले नाहीत त्यांना कळकळीने सांगते, शक्य असेल तर समोरच्याच्या हातात देऊच नका, सरळ कोर्टात भरा. जप्तीच्या खर्चासकट पूर्ण रक्कम कोर्टात जमा झाली की त्याच आदेश २१ च्या नियम ५५ प्रमाणे जप्ती उठल्याचंच धरलं जातं, मग त्याच्या पुरशिसची वाट बघावी लागत नाही. बँकेसाठी पत्र मात्र तेव्हाही मागून घ्यायचंच.