कळशी परदेशी पाठवताना अडलेले विशेषण

आईच्या लग्नातली तांब्याची कळशी टोरांटोला धाकट्या बहिणीकडे पाठवायची होती. बांधणी, वजन, ओळखपत्र, पैसे भरणे हे सगळे विनासायास पार पडले. घोडे अडले ते मालाच्या वर्णनातील एका इंग्रजी शब्दावर. कुरिअरच्या काउंटरवरील कर्मचाऱ्याने कळशीचा काळवंडलेला रंग पाहून, मला काही न विचारता, ‘अँटिक कॉपर पॉट’ असे टंकले आणि पार्सल मुंबईहून परत आले. ही वस्तू पुरावशेष नसल्याचे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाचे प्रमाणपत्र आणा, असे मला सांगण्यात आले.

बोलताना आपण जुन्या वळणाच्या कशालाही अँटिक म्हणतो. सराफाकडे गेल्या आठवड्यात घडवलेला हारसुद्धा ‘अँटिक पॉलिश’चा असतो. निर्यातीच्या कागदावर मात्र या शब्दाला कायद्याचे वजन आहे. १९७२ च्या केंद्रीय कायद्यानुसार शिल्पे, नाणी, कारागिरीच्या वस्तू किमान १०० वर्षांच्या असतील तर त्या पुरावशेष ठरू शकतात, मोलाच्या हस्तलिखितांना ७५ वर्षे पुरतात, आणि असे पुरावशेष खाजगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवताच येत नाहीत. मूर्तींची चोरटी निर्यात रोखायची तर ही कडक तपासणी हवीच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझा संताप आहे तो, स्वतःच लिहिलेला शब्द बदलायला ठाम नकार देणाऱ्या त्या काउंटरवर. ‘एकदा सिस्टीममध्ये गेले की बदलत नाही,’ एवढेच उत्तर तिथे पुन्हा पुन्हा मिळत राहिले.

अखेर वरिष्ठांपर्यंत गेल्यावर नव्याने वर्णन लिहायची तयारी दाखवली गेली, पण पर्याय म्हणून पुढे आला ‘व्हिंटेज’. हा शब्द मूळचा द्राक्षांच्या हंगामाचा. आपल्याकडे मोटारींच्या २०२१ च्या नियमांत तो ५० वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी ठरवून दिला आहे, पण भांड्यांबाबत त्याला अशी मर्यादा नाही, त्यामुळे वयाचा प्रश्न पुन्हा उपस्थित झाला असता. मग ‘क्लासिक’ सुचवले गेले. त्यातून आपल्या प्रकारातला उत्तम नमुना एवढी प्रशंसा कळते, वस्तूची ओळख पटत नाही. (‘क्लासिकल’ तर संगीताला, साहित्याला आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला मिळालेल्या अभिजात दर्जाला शोभणारा, भांड्याला तो लावूच नये.)

मी ‘ट्रॅडिशनल’वर अडून बसलो. घडवण्याची रीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे एवढेच हा शब्द सांगतो. वस्तू कालची की शंभर वर्षांपूर्वीची, याविषयी तो मौन पाळतो. पुण्याच्या तांबट आळीत आजही हातोडीने ठोके देऊन मठारकाम होते, आणि तिथे आज घडवलेली कळशीही ट्रॅडिशनलच असते. वयाचा पुरावा कळशीनेच दिला: गळ्याखाली आईचे नाव आणि १९७४ हे साल कोरलेले आहे. त्या अक्षरांचे जवळून काढलेले छायाचित्र जोडले आणि वर्णन लिहिले: ‘ट्रॅडिशनल हँड-बीटन कॉपर वॉटर पॉट, यूज्ड हाउसहोल्ड आर्टिकल, मेड इन १९७४’. प्रमाणपत्राची मागणी मागे घेण्यात आली आणि पार्सल सुटले. त्या दिवशी मला वाटलेले समाधान मी लपवत नाही.

तुमच्या भांड्यावरही नाव-साल घातलेले असेल, तर बांधणीपूर्वीच त्याचे छायाचित्र काढून ठेवा, कारण माझे खोके त्यासाठी पुन्हा उघडावे लागले. वस्तू खरोखरच शंभरीच्या आसपासची वाटत असेल, तर मात्र शब्दांची निवड करत बसू नका. आधी पुरातत्त्व विभागाकडून तपासून घ्या. ‘एन्शंट’ आणि ‘टाइमलेस’ जाहिरातीसाठी राहू द्या. आणि पावतीवर सही करण्याआधी छापील वर्णन स्वतः वाचा, कारण सहीनंतर तो शब्द तुमचाच धरला जातो.