थांबलेला हात

कोल्हापूर, रविवार, रात्री

मुलांसाठी बोधपर ॲनिमेशन करायला बसलं की विद्यार्थी आधी शेवटचं वाक्य लिहितात: 'कचरा करू नये.' फिल्म तिथंच फसते. सात वर्षांचं पोरगं उपदेश सुरू झाला की मान वळवतं, पण पडद्यावरचा हात काय करतोय ते टक लावून बघतं. म्हणून गोष्ट एवढीच ठेवली आहे: रंकाळा तलावाच्या कट्ट्यावर मुलगा भेळ खातो, कागद पाण्यात भिरकावतो, तो बगळ्याच्या पायात अडकतो. दुसरा कागद टाकायला हात वर जातो आणि थांबतो. संवाद एकच, पहिल्या कागदाच्या वेळी मित्राचा: "टाक की तिकडं!"

सेकंदाला २४ फ्रेम. एक चित्र दोन फ्रेम धरलं तर सेकंदाला १२ चित्रं, म्हणजे दीड मिनिटाच्या या फिल्मला १,०८०. दिवसाला २५ काढली तरी ४४ दिवस जातात. सत्राच्या शेवटी एवढा वेळ कुणाकडं नसतो, म्हणून कटआउट बरं, म्हणजे कापलेले तुकडे सरकवत फोटो काढायचे. जाड कार्डशीटचे खांदा, कोपर, मनगट असे तुकडे कापायचे आणि मागून दोऱ्याची गाठ मारायची. गाठ सैल राहिली की हात ठेवल्या जागेवरून सरकतो.

आता तो थांबणारा हात. वर जाताना प्रत्येक चित्राला सारखंच सरकवला तर यंत्राचा वाटतो. १२ मिलिमीटर, मग ८, ५, ३, १ असं अंतर कमी करत न्यायचं. त्यानंतर ३६ फ्रेम, म्हणजे दीड सेकंद, थांबायचं. घाईत १२ फ्रेमवर उरकलं तर मुलाच्या मनात काही चाललंय हे पोचतच नाही. पण सगळंच स्थिर ठेवलं तर फिल्म अडकल्यासारखी दिसते. म्हणून पापणी एकदा मिटायची: अर्धी २ फ्रेम, पूर्ण २, पुन्हा अर्धी २. मग बुबुळ बगळ्याकडं वळतं आणि मान चार फ्रेम उशिरा. अख्खी फिल्म या दीड सेकंदासाठी आहे, त्यामुळं हा शॉट पहिल्या आठवड्यात करावा, हात थकलेले असताना नको.

त्याआधी स्टोरीबोर्डचे, म्हणजे शॉटवार कच्च्या चित्रांचे, फोटो आवाजावर लावून पूर्ण लांबीचं ॲनिमॅटिक बघायचंच. मूकपटांच्या काळातले दिग्दर्शक बाबूराव पेंटर याच गावात शूटिंगआधी पात्रं, पोशाख कागदावर उतरवून घेत. ती सवय इथल्या पोरांनी सोडू नये.

मोबाईल टेबलाच्या वर, सरळ खाली बघणारा, स्टँड टेबलाला घट्ट बांधलेला. दिवे दोन, दोन्ही बाजूंनी तिरके. खिडकी बंद, कारण ऊन सरकतं. फोकस, एक्स्पोजर (उजेडाचं प्रमाण), व्हाइट बॅलन्स (रंगाची छटा) तिन्ही लॉक. नाहीतर हात चौकटीत आला की कॅमेरा उजेड बदलतो आणि फिल्म लुकलुकते. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळं शटर १/५० सेकंद ठेवलं की ट्यूबलाइटच्या लुकलुकण्याचा फरक पडत नाही. बटण इअरफोनचं दाबायचं, स्क्रीनला बोट लावलं की चौकट हलते.

आवाज आधी, गोधड्या लटकवलेल्या खोलीत. तो मित्र कोल्हापूरचाच वाटला पाहिजे. पुस्तकी मराठी तोंडात घातली की 'की'चा हेल जातो आणि त्याच्याबरोबर बघणारं पोरगंही.

पावसाळी हवेत कार्डशीट ओढ घेते, कडा उचलतात आणि खाली सावली पडते. बगळ्याचे पाय तर काडीएवढे. ते रात्रभर जाड पुस्तकांखाली दाबून ठेवले आहेत, शिवाय तीन जादा जोड्या कापल्या आहेत.