तुम्ही विचारलंत म्हणून: पैसे थेट पेशंटलाच का देत नाही?

देणगीचं पावतीपुस्तक बाहेर काढलं की हा प्रश्न येतोच. "मॅडम, एखाद्या गरीब पेशंटच्या औषधपाण्याला दिले तर डोळ्यांना दिसेल तरी. ते सर्वेक्षण, ती निवेदनं, मंत्रालयाच्या खेपा, यात कशाला घालवता?" विचारणारे मनापासून विचारतात. बऱ्याच जणांच्या घरात कुणाला तरी लकवा झालेला असतो. म्हणून उत्तर नीट द्यायला हवं.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. नागपूर आणि आसपासच्या जिल्ह्यांत घरोघरी जाऊन पक्षाघाताच्या पेशंटना व्यायाम देते. आमचा एक छोटा गट आहे. थेट मदतही आम्ही करतो. व्हीलचेअर, कमोड खुर्ची, महिन्याची बीपीची औषधं. ती गरज खरीच आहे. महात्मा फुले योजनेसारख्या सरकारी योजना मुळात रुग्णालयात दाखल असतानाच्या उपचारांसाठी आहेत. घरी आल्यावरचा अनेक महिन्यांचा खर्च कुटुंबाच्याच खिशातून जातो. पण ही सगळी मदत नुकसान होऊन गेल्यावरची.

नव्या पेशंटकडे गेले की आधी मी फाइल वाचते. चिठ्ठ्यांवर वेळा असतात. एका शेतकऱ्याची फाइल अजून आठवते. घरच्यांच्या सांगण्याप्रमाणे रविवारी सकाळी साडेसहाच्या सुमारास गोठ्यात तोंड वाकडं झालं, उजवा हात लुळा पडला. प्राथमिक आरोग्य केंद्राची चिठ्ठी 7.40 ची: बीपी 200/110, पुढे पाठवले. ग्रामीण रुग्णालय, 8.50: पुढे पाठवले. त्याच्या पुढच्या मोठ्या दवाखान्यात सव्वादहाला पोचले, पण रविवार असल्याने मेंदूच्या सीटी स्कॅनचा टेक्निशियन नव्हता. बाहेरच्या सेंटरमधल्या सीटीची पावती 12.05 ची. नागपुरात दाखल दुपारी चारला. घरच्यांनी, ॲम्ब्युलन्सवाल्याने, डॉक्टरांनी, कुणीच हयगय केली नव्हती. प्रत्येकाने आपापलं काम केलं आणि माणूस कायमचा अधू झाला.

मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली असेल तर ती विरघळवणारं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. त्याआधी सीटी हवाच, कारण गुठळीऐवजी रक्तस्राव असेल तर तेच इंजेक्शन जिवावर बेतू शकतं. मोठी रक्तवाहिनी बंद झाली की मिनिटाला सरासरी 19 लाख चेतापेशी मरतात, असा हिशोब 2006 साली मांडला गेला आहे. या शेतकऱ्याची मुदत अकरालाच संपली होती. औषध काही परदेशातून मागवायचं नव्हतं. त्या जातीचं टेनेक्टेप्लेज पुण्यात तयार होतं. अडलं होतं ते सुटीच्या दिवशीच्या सीटीवाचून. ती सोय माझ्या पावतीपुस्तकातून होत नाही. ती सरकारलाच करावी लागते, आणि सरकारकडून करून घ्यावी लागते.

होते का? होते. हिमाचल प्रदेशाने 2014 साली सुरुवात केली. सीटी आहे पण न्यूरोलॉजिस्ट, म्हणजे मेंदूविकारतज्ज्ञ, नाही अशा सरकारी रुग्णालयांतल्या डॉक्टरांना शिकवलं, सीटीचे फोटो मोबाइलवरून शिमला आणि टांड्याच्या तज्ज्ञांकडे जायला लागले, औषध सरकारने मोफत ठेवलं. डोंगराळ राज्य, रस्ते तसले, तरी जमलं. लंडनमध्ये 2010 साली सुमारे 30 रुग्णालयांत विखुरलेले पक्षाघातावरचे तातडीचे उपचार आठ केंद्रांत एकवटले. नवं औषध एकही आलं नव्हतं, फक्त व्यवस्था बदलली, आणि तिथले मृत्यू उरलेल्या इंग्लंडपेक्षा जास्त कमी झाले, हे पुढे अभ्यासाने दाखवलं. गेली कित्येक वर्षं आम्ही निवेदनाला या दोन्ही ठिकाणांची माहिती जोडतो.

आता सर्वेक्षणाचं. याचं उत्तर आपल्या गडचिरोलीत आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने 2011 ते 2013 या दोन वर्षांत 86 गावांतल्या मृत्यूंची कारणं शोधली. लोकसंख्या 94 हजारांच्या वर. मृत्यू 1599. त्यातले 229 पक्षाघाताने, म्हणजे इतर कुठल्याही एका कारणापेक्षा जास्त. न्यूरोलॉजिस्ट डॉ. योगेश्वर काळकोंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा हा अभ्यास 2015 साली प्रसिद्ध झाला. लकवा हा शहरातल्या सुखवस्तू लोकांचा आजार ही समजूत त्याने मोडीत काढली. त्यातला एक आकडा मी प्रत्येक सभेत सांगते: पक्षाघाताच्या या मृत्यूंपैकी 87 टक्के घरीच झाले होते. म्हणजे रुग्णालयाच्या कुठल्याही रजिस्टरमध्ये त्यांची नोंद नव्हती. घरच्यांजवळ बसून, शेवटचे दिवस कसे गेले ते विचारून हे कळलं. असं विचारत फिरायला माणसं लागतात, त्यांना पगार आणि गाडीभाडं लागतं. सर्वेक्षणावर पैसे जातात म्हणजे इथे जातात.

याच संस्थेने नवजात बाळांच्या घरच्या घरी काळजीचा प्रयोग केला, त्याचे निष्कर्ष 1999 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले, आणि 2011 पासून देशभरातल्या आशाताई तेच काम करू लागल्या. गावातल्या मोजणीपासून दिल्लीच्या परिपत्रकापर्यंत बारा वर्षं. वेळ लागतो, पण लाखो बाळांपर्यंत ते पोचलं.

संशोधन कधीकधी आपल्याला नको ते उत्तर देतं, तेही सांगते. घरच्यांनाच व्यायाम शिकवले तर पेशंट लवकर स्वावलंबी होईल का, हे भारतातल्या 14 रुग्णालयांत 1250 पेशंटवर तपासलं गेलं. 2017 साली निकाल आला: सहा महिन्यांनी काही फरक नाही. माझं तर आयुष्य यात गेलं आहे. लुळ्या हाताला धरून ओढू नका, खांदा निखळतो, हे सुनांना-मुलांना मी आजही शिकवते, शिकवत राहीन. पण प्रशिक्षित फिजिओची जागा कुटुंबाने भरून काढावी असं सरकारने म्हणू नये, हे आता मी पुराव्यानिशी सांगू शकते. हा अभ्यास झाला नसता तर स्वस्तातली सोय म्हणून कुणीतरी तेच धोरण पुढे रेटलं असतं.

आणखी एक गोष्ट मला फार लागते. पक्षाघातात कित्येकांची वाचा जाते. डोक्यात सगळं असतं, ओठांवर येत नाही. घरातली चालती-बोलती माणसं रात्रंदिवस त्यांच्या उशाशी अडकलेली. मोर्चा काढणार कोण? इतर आजारांतून बरे झालेले लोक व्यासपीठावर उभे राहून स्वतःची गोष्ट सांगतात. यांच्या वतीने दुसऱ्या कुणाला तरी बोलावं लागतं. मंत्रालयाच्या खेपा त्यासाठी.

सध्या आमच्या मागण्यांत एक अगदी साधी आहे. रेफरच्या चिठ्ठीवर एक रकाना छापावा: 'पेशंट शेवटचा ठणठणीत कधी दिसला?' त्या शेतकऱ्याच्या एकाही कागदावर ही वेळ नव्हती, आणि इंजेक्शन द्यायचं की नाही हे तीवरच ठरतं. खर्च छपाईचा. तरीही फाइल अजून टेबलावरून पुढे सरकलेली नाही. आम्ही विचारत राहतो.

तुम्हाला पैसे पेशंटसाठीच द्यायचे असतील तर पावतीवर तसं लिहून घ्या, ते दुसरीकडे वळणार नाहीत. फक्त एक काम करा. तुमच्या जवळच्या सरकारी रुग्णालयात जाऊन विचारा, सुटीच्या दिवशी आणि रात्री सीटी होतो का, गुठळीचं इंजेक्शन आहे का. काय उत्तर मिळालं ते तारखेसह मला लिहून पाठवा. जिल्ह्याजिल्ह्याची ती यादी आम्ही करतो आहोत.