वण काढायला आलेला खलाशी

जूनमध्ये मासेमारी बंद झाली की आमच्या ओपीडीत ट्रॉलरवरचे खलाशी दिसू लागतात. वर्षभर ढकललेली सगळी दुखणी तेव्हा निघतात. त्यातलाच हा एक, मालवणकडचा, वय 26. दुभंगलेला ओठ लहानपणी एका शिबिरात शिवलेला. मागणी एवढीच, "डॉक्टर, हो वण तेवढो काढा. बाकी काय नको."

वण तसा फार वाईट नव्हता. त्याला शीळ घालायला सांगितलं, तर वणाच्या दोन्ही बाजूंना वाटाण्याएवढे उंचवटे आले. म्हणजे कातडी शिवलेली, आतला स्नायू जोडलेलाच नाही. दुभंगलेल्या ओठात हा स्नायू आडवा न जाता फटीच्या कडेने नाकपुडीच्या बुडाकडे चढतो. तिथून सोडवून आडवा फिरवला नाही, तर वरून कितीही नाजूक टाके घाला, ओठ हलला की बिंग फुटतं. दिवसात किती ओठ शिवले याचे फलक लावणाऱ्यांनी एकदा तरी पेशंटला शीळ घालायला लावावी.

नुसता वण कापून पुन्हा शिवणं अर्ध्या तासाचं काम. मी सगळा ओठ पुन्हा उघडायचं ठरवलं. मिशी गुळगुळीत काढू दिली नाही. खुंट दिसले तरच केसांचा कल कळतो आणि सुरी त्या कलाने तिरकी धरता येते. सरळ कापलं की मुळं तुटतात, मिशीत टक्कल पडतं. ओठाची कडा मिथिलिन ब्लू या निळ्या रंगात बुडवलेल्या सुईने गोंदून घेतली, तीही भुलीच्या इंजेक्शनआधी. औषधाने ओठ फुगला की लाल भागावरची ती पांढरी कडा दिसेनाशी होते, आणि तिथे एक मिलिमीटरची पायरी राहिली तरी समोरच्याला बोलताना दिसते. लिग्नोकेन या भुलीच्या औषधात रक्तवाहिन्या आकसवणारं ॲड्रिनालिन, मग सात-आठ मिनिटं थांबायचं. घाई केली तर रक्तात काही दिसत नाही. मोठ्या माणसाचा स्नायू जाड. 4-0 विक्रिलने, म्हणजे आत विरघळणाऱ्या धाग्याने जोडला. कातडीचा पहिला टाका त्या पांढऱ्या कडेवर, त्याहून बारीक 6-0 नायलॉनचा. पाचव्या दिवशी टाके काढले. उशीर केला की शिडीसारख्या खुणा उरतात.

दीड महिन्याने वण लाल, कडक, ओठ किंचित वर ओढलेला. या सुमाराला असं व्हायचंच. वण निवळायला वर्ष लागतं. हे आधी कागदावर काढून सांगितलं होतं. तरी आई म्हणालीच, "आधीचो बरो होतो."

शीळ घालताना उंचवटे आता येत नाहीत. पण ते त्याने मागितलंच नव्हतं, आणि जे मागितलं ते तूर्त आधीपेक्षा ठळक दिसतंय. ऑगस्टमध्ये तो समुद्रावर गेला. डेकवर पट्टी टिकत नाही, म्हणून वणावर लावायला सिलिकॉन जेल दिलंय, वर सनस्क्रीन, आणि दिवसातून तीनदा बोटाने दाबून मालिश. तंबाखू सोडल्याचं सांगतो. अंगठ्याला चुना होता. फटीमुळे बिघडलेल्या नाकाचं पुढच्या मासेमारीबंदीत बघू म्हटलंय. तो यायला हवा.