स्पोर्ट्समन ५७०: पुढची चाके ओढत का नव्हती

गोव्यातल्या पेडण्याच्या त्या जुन्या पोलारिस स्पोर्ट्समन ५७० चा (कच्च्या वाटांवर चालवायच्या, हँडल असलेल्या चारचाकी एटीव्हीचा) नाद सोडल्याचे मी मागच्या नोंदीत लिहिले होते, तो निर्णय आता मागे घेत आहे. चढावर पुढची चाके न ओढण्याचे कारण सापडले असून ते ना पुढच्या गिअरकेसमध्ये (पुढच्या चाकांना जोर देणाऱ्या गिअरच्या पेटीत) होते, ना वायरिंगमध्ये.

विक्रेत्याने विसार घेऊन गाडी काही दिवस माझ्याकडे ठेवू दिली. तिची रस्त्यासाठी नोंदणी नसल्यामुळे ती पिकअपमध्ये घालून वाळपईला आणली आणि काजूच्या बागेतल्या चढावरच तपासायला घेतली. इंजिनाबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. एअर फिल्टरच्या पलीकडच्या रबरी नळीत बोट फिरवले तेव्हा ते कोरडे आणि स्वच्छ निघाले. आपल्याकडची तांबडी धूळ त्या बोटाला लागली असती, तर मी गाडी तिथूनच परत पाठवली असती. लीकडाउन चाचणीत (सिलिंडरमध्ये हवा भरून ती किती निसटते ते पाहताना) गळती सात टक्के आली. एका सिलिंडरच्या ५६७ सीसी इंजिनाला या वयात याहून अधिक काय मागायचे? इंजिनाचा जोर चाकांकडे नेणाऱ्या बेल्टच्या कव्हरखालचा निचऱ्याचा बूच काढल्यावरही पाणी आले नाही.

खरा घोळ पुढच्या चाकांचा होता. एडब्ल्यूडीचे, म्हणजे चारही चाकांना जोर देण्याचे, बटण दाबलेले असतानाही चढाच्या मध्यावर मागची चाके जागीच फिरत, चिऱ्याचा चुरा उडवत खड्डा करत, आणि बऱ्याच वेळाने पुढची चाके एकदम धक्का देऊन गुंतत. बटण दाबल्यावर इंजिनाचे फेरे मिनिटाला ३१०० च्या खाली आल्याशिवाय प्रणाली सज्ज होत नाही, हे आपल्यापैकी बहुतेकांना ठाऊक आहे. म्हणून प्रत्येक वेळी थांबून, फेरे उतरवून, मगच चढ घेतला. तरीही तेच.

सुरुवात अर्थातच पुढची चाके गुंतवणाऱ्या विद्युतचुंबकाच्या कॉइलपासून केली. गिअरकेसमधून बाहेर येणाऱ्या दोन तारांमधला रोध २४ ओहमच्या आसपास भरला, म्हणजे कॉइल ठीक. किनाऱ्याजवळ राहिलेल्या गाडीच्या कनेक्टरवर हिरवट गंज चढतो तसा इथेही चढला होता. तो साफ केला, अर्थिंगचा बोल्ट घासून पुन्हा आवळला आणि इंजिन चालू ठेवून कनेक्टरवरचा विजेचा दाब (व्होल्टेज) मोजला, तोही पुरेसा होता. (महागडा मल्टिमीटर घेण्याची गरज नाही, माझा म्हापशाच्या बाजारातला साधा मीटर अशा कामाला वर्षानुवर्षे पुरला आहे.) त्यानंतर गिअरकेसचे तेल सोडले, तर गंधकाचा उग्र वास असलेले दाट, काळे तेल बाहेर आले. कुणीतरी त्यात साधे गिअर ऑइल ओतले होते. ‘तेल ते तेल, काय फरक पडतो’ असे म्हणणारे मेस्त्री आपण सर्वांनी पाहिले आहेत, पण या गिअरकेसमध्ये फरक पडतो, कारण कॉइलचे चुंबकत्व ज्या पातळ चकतीला खेचते तिच्या हालचालीवरच रोलरचे (चाकांना गिअरशी जोडणाऱ्या छोट्या दंडगोलांचे) गुंतणे अवलंबून असते. या गिअरकेससाठीचे कंपनीचे मूळ डिमांड ड्राइव्ह तेल भरल्यावर गुंतण्याचा धक्का थोडा सौम्य झाला. उशीर मात्र तसाच राहिला.

डिचोलीच्या एका गॅरेजमध्ये गिअरकेस उघडून रोल केज (रोलर धरून ठेवणारा पिंजरा) बदलण्याचा सल्ला मिळाला आणि त्याचा अंदाजित खर्च ऐकूनच मी मागची निराश नोंद लिहिली होती. तरीही एक गोष्ट मनातून जात नव्हती. चारही चाके स्टँडवर उचलून, बटण दाबून गिअर टाकला की पुढची दोन्ही चाके निमूटपणे फिरत. रोल केज झिजली असती, तर तिथेही ती कधीतरी निसटायला हवी होती.

शेवटी लक्ष गेले ते टायरांकडे. मागच्या टायरांवर कारखान्यातले रबरी केस अजून शिल्लक होते, पुढचे मात्र गुळगुळीत झाले होते. कडेवरचा वाळलेला चिखल तारेच्या ब्रशने काढला, तेव्हा पुढे २४ इंची आणि मागे २६ इंची टायर असल्याचे दिसले. या गाडीला कारखान्यातून चारही बाजूंना २५ इंची टायर येतात. खात्रीसाठी प्रत्येक टायरवर आणि खाली फरशीवर खडूने खूण केली, कुणालातरी गाडीवर बसवून चाकाचा एक पूर्ण फेरा होईपर्यंत गाडी ढकलली आणि दोन खुणांमधले अंतर टेपने मोजले. पुढच्या चाकाचा फेरा मागच्यापेक्षा आठ टक्क्यांहून अधिक आखूड निघाला.

हा फरक का नडतो, ते थोडे सविस्तर सांगतो, कारण जुनी गाडी तपासताना हे कुणी पाहत नाही. या प्रणालीत पुढच्या रिंग गिअरचा (गिअरकेसमधल्या, इंजिनाच्या जोरावर फिरणाऱ्या दातेरी कड्याचा) वेग मुद्दामच चाकांच्या वेगापेक्षा किंचित कमी ठेवलेला असतो. गाडी सरळ चालत असते तोवर पुढची चाके सायकलच्या फ्रीव्हीलप्रमाणे रिंग गिअरच्या पुढे धावतात आणि रोलर मोकळे राहतात. मागची चाके घसरू लागली की इंजिनाकडून येणारा वेग वाढतो, रिंग गिअर पुढच्या चाकांना गाठतो आणि रोलर अडकतात. पुढचे टायर लहान असले तर तेवढ्याच अंतरासाठी पुढची चाके जास्त फिरतात, त्यामुळे ही दरी रुंदावते आणि ती भरून निघायला मागच्या चाकांना कितीतरी अधिक घसरावे लागते. पुढचे टायर मोठे असते तर उलटे झाले असते: प्रणाली कोरड्या जमिनीवरही गुंतून राहिली असती आणि हँडल जड झाले असते. स्टँडवर चाकांना जमीन फिरवत नसल्यामुळे यातले काहीच कळत नाही, म्हणून ती चाचणी पास झाल्याने हुरळून जाऊ नये.

पडताळणी बाकी होती. पोलारिसच्या चाकांचे चार बोल्ट १५६ मिलिमीटरच्या वर्तुळावर असतात आणि इतर अनेक कंपन्यांचे ११० वर, त्यामुळे उसनी चाके दुसऱ्या स्पोर्ट्समनचीच हवी होती. साखळीच्या मित्राने आपली चारही २५ इंची चाके काढून दिली. पाऊस पडून गेलेल्या त्याच चढावर गाडी घातली. मागचे चाक अर्धवट घसरले न घसरले तोच पुढून ओढ लागली आणि गाडी न थबकता काजूच्या झाडापर्यंत गेली. त्या आनंदात तोच चढ मी विनाकारण आणखी घेत राहिलो, हे इथे नोंदवायला हरकत नाही.

आता टायरांचे काय करायचे? मागचे २६ इंची टायर नवे आहेत, म्हणून पुढे २६ ची जोडी घालून मोकळे व्हावे, असे ही नोंद सुरू करताना ठरवले होते. लिहिताना मात्र विचार बदलत आहे. मोठ्या टायरांनी गाडीचे गिअर-गुणोत्तर उंचावते आणि चढावर ओझे ओढताना तो भार बेल्टवर येतो. मला तर ती काजूची पोती आणि पाइप वाहण्यासाठीच हवी आहे. साखळीच्या मित्राला एवीतेवी २६ वर जायचे आहे, तेव्हा मागची जोडी त्याला देऊन मी चारही २५ इंची घ्यावेत, हे दोघांनाही परवडेल. टायर मात्र कडेवरचा आकडा स्वतः वाचून घेईन. ‘रिमला बसतो ना, मग झाले’ असे सांगणाऱ्या दुकानांचा अनुभव या गाडीच्या आधीच्या मालकाला आलेला दिसतो.

एक शंका अजून आहे. गाडी पेडण्याची असल्यामुळे ती किनाऱ्यावर भाड्याने फिरली असावी का? गोव्यात समुद्रकिनाऱ्यावर वाहन नेण्यास मनाई आहे, आणि मोरजी-मांद्रे भागात कासवे अंडी घालतात त्या वाळूवर चाके फिरवणाऱ्यांविषयी मला सहानुभूती नाही. पण इथे प्रश्न फ्रेमच्या आतल्या गंजाचा आहे. सीटखालच्या नळ्यांवर छोट्या हातोडीने टकटक केल्यावर आवाज सगळीकडे खणखणीत आला, ब्रेकच्या नळ्याही ठीक दिसल्या. पुढच्या डाव्या चाकाच्या बेअरिंगला मात्र खेळ आहे आणि ते बदलावेच लागेल.

कागदपत्रांचे म्हणाल, तर आरसी नसलेल्या गाडीत मूळ खरेदी बिल आणि फ्रेमवरचा सतरा अक्षरांचा क्रमांक हीच मालकीची ओळख. क्रमांकाची सुरुवात पोलारिसला साजेशी, फोर-एक्स-ए अशी आहे. दहावे अक्षर ‘जे’ असल्यामुळे हे मॉडेल २०१८ चे ठरते, विक्रेता २०१९ सांगतो. आयात गाडी वर्षभर शोरूममध्ये पडून राहणे अशक्य नाही, तेव्हा बिलावरची तारीखच काय ते सांगेल. बिल घरात शोधतो असे तो म्हणाला आहे. टायर, बेअरिंग आणि तेलाचा खर्च वजा करून मी त्याला नवा आकडा कळवला आहे. बिल सापडले आणि त्यावरचा क्रमांक फ्रेमशी जुळला तरच उरलेली रक्कम देईन, नाहीतर विसार परत घेऊन गाडी पुन्हा पिकअपमध्ये चढवीन.